नववा आठवडा सुरू आहे, सिगारेट तीनवर आली आहे पण सुटत नाही. डॉक्टरांना खरे कसे सांगावे?

पहाटवारा:
मला नववा आठवडा सुरू आहे. गेली सात वर्षे मी दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढत होते. दिवस गेल्याचे कळल्यापासून तीनवर आले, पण या तीन काही केल्या सुटत नाहीत. सकाळी उठल्याबरोबरची पहिली तर सर्वांत जड जाते. माझ्या मोठ्या बहिणीचे म्हणणे असे, की एकदम बंद केल्याने शरीराला जो ताण येईल तोच बाळाला अधिक बाधेल, तेव्हा तीनवरच थांबावे. एक मैत्रीण दोन्ही गरोदरपणांत ओढत होती आणि तिची मुले ठणठणीत आहेत. पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी विचारले तेव्हा शेजारी सासूबाई बसल्या होत्या, आणि मी ‘नाही’ म्हणाले. खरे सांगितले तर बाळ येण्याआधीच मी वाईट आई ठरेन, असे त्या क्षणी वाटले. तीन सिगारेटींनी खरोखर किती फरक पडतो, आतापर्यंत झाले ते भरून येते का, आणि एकदा खोटे बोलल्यावर आता खरे कसे सांगावे?

शांतनदी:
ताई, मी प्रसूतिपूर्व तपासणी विभागात परिचारिका आहे आणि तुमच्यासारखे ‘नाही’ मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. निकोटीनपासून शरीरात तयार होणारे कोटिनिन जिथे रक्तात किंवा लघवीत तपासले जाते, तिथे तोंडाने ‘हो’ म्हणणाऱ्यांपेक्षा प्रत्यक्षात ओढणाऱ्या स्त्रिया अधिक निघतात. त्या खोटारड्या असतात म्हणून नव्हे, तर विचारणाऱ्याच्या नजरेत निवाडा आधीच तयार दिसतो म्हणून. सोबतच्या माणसांना बाहेर बसवून हा प्रश्न विचारणे ही आमची जबाबदारी आहे. ती पार पाडली गेली नाही, यात तुमचा दोष नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. सिगारेटच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या तुलनेत दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि बाळाच्या रक्तात त्याचे प्रमाण आईच्या रक्तापेक्षाही जास्त होते. दुसरीकडे निकोटीनमुळे गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ते स्वतः वार (गर्भाशयातून बाळाला नाळेवाटे पोषण पुरवणारा अवयव) ओलांडून बाळापर्यंत पोचते. म्हणजे बाळाला रक्त कमी मिळते आणि मिळते त्यातही प्राणवायू कमी असतो. गरोदरपणात ओढत राहिलेल्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे २०० ग्रॅमने कमी भरते ते मुख्यतः यामुळेच, आणि वार वेळेआधी सुटणे, दिवस भरण्यापूर्वी प्रसूती होणे, बाळ पोटातच दगावणे हे धोकेही वाढतात. तीनवर येणे सोपे नव्हते हे मी जाणते, परंतु संख्या कमी केलेला माणूस नकळत अधिक खोल झुरके घेतो आणि कमी झालेल्या धुराची पुष्कळशी भरपाई करून टाकतो. त्यामुळे तीन हा मुक्काम मानू नका.

एकदम सोडल्याने बाळाला इजा होते, ही समजूत निराधार आहे. चिडचिड होईल, झोप उडेल, पहिले काही दिवस तलफ फार छळेल आणि दोन ते चार आठवड्यांत ती ओसरू लागेल. आणखी एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसेल: गरोदरपणात शरीर निकोटीनचा निचरा नेहमीपेक्षा भराभर करते, म्हणून तलफ लवकर परत येते. सकाळची पहिली सिगारेट जड जाते ती रात्रभर निकोटीन मिळालेले नसते म्हणून. तुमची माया कमी आहे म्हणून नव्हे.

भरून येते का, याचे उत्तर आशादायक आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या अभ्यासात, पंधराव्या आठवड्याआधी सिगारेट सोडलेल्यांमध्ये आपोआप होणाऱ्या अकाली प्रसूतीचे आणि वाढ खुंटलेल्या बाळांचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या इतकेच आढळले. तुम्ही नवव्यात आहात.

आकडेमोड:
मैत्रिणीच्या मुलांबद्दल थोडे लिहितो, कारण हा युक्तिवाद मन वळवतो. धोका वाढतो याचा अर्थ प्रत्येक बाळाला इजा होते असा नाही. ओढणाऱ्या बहुतेक स्त्रियांची बाळे सुखरूपच जन्मतात. परंतु बाळ झोपेत अचानक दगावण्याचा धोका आई गरोदरपणी ओढत असल्यास दुपटीहून अधिक होतो, आणि ज्या घरात हे घडले त्या घरातील आई अशा गप्पांत आपली कहाणी सांगायला येत नाही. आपल्या कानावर पडतात त्या निभावून गेलेल्यांच्याच गोष्टी.

अभ्यासकांचीही अशी फसगत झाली आहे. जेकब येरुशाल्मी यांनी १९७१ साली दाखवले, की कमी वजनाच्या बाळांपुरते पाहिले तर सिगारेट ओढणाऱ्या मातांची बाळे न ओढणाऱ्या मातांच्या बाळांपेक्षा अधिक वाचतात. धूम्रपान बाळांचा बचाव करते, असा याचा अर्थ नव्हता. न ओढणाऱ्या आईचे बाळ कमी वजनाचे जन्मते तेव्हा त्यामागे अनेकदा जन्मजात व्यंगासारखे अधिक गंभीर कारण असते. तुलनाच विषम होती. सर्व बाळे एकत्र धरली की ओढणाऱ्या मातांचीच अधिक दगावतात.

मुलांच्या वागणुकीविषयी मात्र मी जपून बोलेन. चंचलपणा आणि एकाग्रतेचा अभाव यांचा संबंध आईच्या धूम्रपानाशी अनेक अभ्यासांत दिसतो, पण एकाच आईच्या दोन मुलांची, म्हणजे एका वेळी ती ओढत होती आणि दुसऱ्या वेळी नव्हती अशांची, तुलना केली की तो बराच फिका पडतो. त्यात आनुवंशिकतेचा आणि घरच्या परिस्थितीचा वाटा असावा. फुप्फुसांचे तसे नाही. लहानपणी छातीत घरघर आणि दमा होण्याची शक्यता वाढते, याला भक्कम पुरावा आहे. मूल वर्गात अस्वस्थ दिसले की आईकडे बोट दाखवणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

उंबरठा:
तुमच्या प्रश्नात यजमानांचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो: तेही ओढतात का? माझी पत्नी गरोदर असताना तिने सोडली आणि मी दाराबाहेर उभा राहून ओढत राहिलो. मी आत आलो की ती काही न बोलता उठून दुसऱ्या खोलीत जाई. सदऱ्याला येणाऱ्या त्या वासाने तिची तलफ जागी होत होती, हे मला तिने प्रसूतीनंतर सांगितले. सगळा उपदेश तिला आणि मला एकही प्रश्न नाही, असे नऊ महिने चालले. आज त्याची मला खंत वाटते. स्कॉटलंडमध्ये २००६ साली बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला बंदी आल्यानंतर अकाली प्रसूतींचे प्रमाण घटले, आणि ही घट स्वतः न ओढणाऱ्या मातांमध्येही दिसली. भोवतालच्या माणसांचा धूरही बाळापर्यंत जातो.

पहाटवारा:
आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. काल तपासणीला एकटी आत गेले आणि म्हणाले, ‘मागच्या वेळी मी खरे सांगितले नव्हते.’ डॉक्टरांनी फक्त मान हलवली आणि माझ्यापुढे एक लहानसे यंत्र धरले. श्वास रोखून हळूहळू नळीत सोडायचा, की त्यातील कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दिसतो. माझा ११ आला. तो चारच्या खाली हवा. सकाळची एकच ओढली होती. पूर्ण बंद केल्यास एक-दोन दिवसांत तो उतरेल आणि तलफेसाठी, गरज पडल्यास, निकोटीनच्या पट्टीचा विचार करू, असे त्या म्हणाल्या. यजमान ओढतात. पुढच्या बुधवारी तेही सोबत येणार आहेत आणि त्या नळीत आधी तेच फुंकणार आहेत.