छोट्या विमानतळासाठी एफएए ग्रांट: सुरुवात कुठून करायची?

मक्याच्या_गावची
नमस्कार मंडळी. आयोवातल्या एका लहान गावात राहते, यंदा सिटीने गावच्या एअरपोर्ट कमिशनवर मला घेतलंय. एअरपोर्ट म्हणजे एक रनवे, थोडी हँगर्स आणि फ्युएल पंप, बस. प्रवासी विमान येत नाही पण उन्हाळ्यात फवारणीची विमानं इथूनच उडतात आणि सीरियस पेशंट न्यायला एअर अँब्युलन्स पण इथेच उतरते, त्यामुळे गावाला त्याची खरंच गरज आहे. रनवेला लांबच लांब भेगा पडल्यात, त्यातून गवत वर आलंय, कडेचे बरेच दिवे लागत नाहीत. सगळे म्हणतात फेडरल ग्रांट घ्या. एसएफ-४२४ नावाचा फॉर्म बघितला, तो भरून पाठवला की झालं का? पैसे किती मिळतात, गावाने किती घालायचे? पुढच्या मीटिंगला मला बोलायचंय, जाणकारांनी प्लीज सविस्तर सांगा.

डांबर_काँक्रीट
ताई, फॉर्म सगळ्यात शेवटी येतो. मी याच लाइनमध्ये इंजिनिअर आहे म्हणून जरा लांबण लावतो.

आधी बघा तुमचं एअरपोर्ट एनपियासमध्ये आहे का, म्हणजे एफएएची (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) ती साधारण ३,३०० विमानतळांची राष्ट्रीय यादी. त्यात नाव नसेल तर एआयपीचा, म्हणजे एफएएच्या विमानतळ ग्रांट योजनेचा, एक डॉलर मिळत नाही. असेल तर तुमच्यासारख्या छोट्यांना वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख डॉलर्स हक्काचे असतात, आणि ते त्याच वर्षी संपवायचे नसतात, त्या वर्षासकट चार वर्षं ठेवता येतात, म्हणजे साठवून सहा लाखांपर्यंत जातं. एवढ्यात अख्खा रनवे होत नाही, वरचे पैसे डिस्क्रेशनरीमधून, म्हणजे एफएए स्वतः ठरवून वाटते त्या भागातून मागायचे, तिथे मात्र बाकीच्या एअरपोर्ट्सशी स्पर्धा. फेडरल वाटा एरवी ९० टक्के, २०२४ च्या कायद्याने छोट्यांसाठी २०२५ आणि २०२६ या वर्षांत तो ९५ केलाय. काउन्सिलमध्ये कोणी म्हणालं की लोकांच्या इन्कम टॅक्सचे पैसे कशाला, तर सांगा की या ग्रांटचा फंड विमान तिकिटावरच्या साडेसात टक्के टॅक्समधून आणि विमानाच्या इंधनावरच्या टॅक्समधून भरतो.

आता मुख्य मुद्दा. तुमचं काम एअरपोर्ट लेआउट प्लॅनशी, म्हणजे एफएएने मंजूर केलेल्या त्या नकाशाशी जुळायला हवं आणि पाच वर्षांच्या सीआयपीमध्ये, म्हणजे पुढच्या कामांच्या आराखड्यात यायला हवं. आज ठरवलं आणि उद्या मिळालं असं होत नाही, रनवेचं डिझाइन एका वर्षी आणि बांधकाम पुढच्या वर्षी असंच बहुतेक धरतात. म्हणून फॉर्म बाजूला ठेवा आणि आधी आयोवा डीओटीच्या (राज्याचं वाहतूक खातं) एव्हिएशनवाल्यांना आणि एफएएच्या कॅन्सस सिटी ऑफिसला फोन करा, माणसं मदत करतात. सॅम डॉट गव्हवर, म्हणजे फेडरल पैसे घेणाऱ्यांच्या नोंदणीच्या साइटवर, गावाचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना तेही बघा, दर वर्षी रिन्यू करावं लागतं.

आणि इंजिनिअर निवडताना सगळ्यात स्वस्त कोण ते विचारायचं नाही, तसा नियमच आहे. आधी अनुभव बघून निवडायचा, फी नंतर ठरवायची. कमीत कमी दराचं टेंडर असतं ते काँट्रॅक्टरसाठी.

टेक्ससचा_काका
वरचं सगळं बरोबर, फक्त टेक्सससारख्या काही स्टेट्समध्ये ब्लॉक ग्रांट असते, तिथे छोट्या एअरपोर्टचं सगळं स्टेटच बघतं.

पण ताई सही करण्याआधी ग्रांट अ‍ॅश्युरन्सेस, म्हणजे ग्रांटबरोबरच्या अटी, गावाच्या वकिलाला वाचायला लावाच. पैसे घेतले की साधारण २० वर्षं बांधले गेलात, आणि त्या पैशातून जमीन घेतली तर त्याला मुदतच नाही. एअरपोर्टचं उत्पन्न एअरपोर्टवरच खर्च व्हायला पाहिजे. इकडच्या एका गावात रनवेच्या बाजूची जमीन गवतासाठी भाड्याने दिलेली आणि ते भाडं वर्षानुवर्षं गावाच्या जनरल फंडात जात होतं, कोणाच्या मनात वाईट नव्हतं पण शेवटी सगळं परत भरायला लागलं. तुमच्याकडे आजूबाजूला मका-सोयाबीन असणारच, ते भाडं कुठल्या खात्यात जातं ते उद्याच विचारा. हँगरमध्ये विमानाऐवजी कोणाची बोट किंवा आरव्ही (राहायची गाडी) पडलीय का तेही.

गोदाकाठ
मी नांदेडचा, एक शंका. आमच्याकडे २०१७ ला उडानमध्ये नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं तेव्हा नगरपालिकेने कुठे अर्ज केलेला ऐकला नाही, तिकडे गाव स्वतः मागतं का?

डांबर_काँक्रीट
हो, इकडे बहुतेक एअरपोर्ट गावाच्या नाहीतर काउंटीच्या मालकीचं असतं, म्हणून मागणारं गावच. उडानमध्ये एअरलाइन रूटसाठी बोली लावते, त्या रूटवरचं एअरपोर्ट मग सुधारतात, आणि राज्य सरकार व्हायबिलिटी गॅप फंडिंगचा (एअरलाइनची तूट भरून काढायच्या मदतीचा) २० टक्के वाटा उचलतं. दिशाच वेगळी.

मक्याच्या_गावची
खूप खूप आभार! शेताचं भाडं नक्की विचारते. अजून एक, पैसे आधी हातात येतात का? आणि गवत कापायला माणूस ठेवतो त्याचा पगार यात बसेल का?

डांबर_काँक्रीट
पगार, वीजबिल, गवत कापणं काहीच बसत नाही. दिवे, रनवे, टॅक्सीवे, एप्रन (विमानं उभी करायची जागा), बर्फ काढायची गाडी हे बसतं. आणि पैसे रिइम्बर्समेंटने येतात, काँट्रॅक्टरचं बिल आलं की ते लावून तुम्ही मागायचे. त्यामुळे मधल्या काळात बिल कशातून भागवणार हे क्लार्कबरोबर बसून आत्ताच ठरवा. काँट्रॅक्टरची बिडं (टेंडरं) वसंतात घ्या म्हणजे खरे आकडे धरून अर्ज करता येईल, फेडरल वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, त्याच्या आत ग्रांटवर सही व्हायला लागते. वकिलाला उन्हाळ्यात गावातच राहायला सांगा, ऑफर आली की फार दिवस मिळत नाहीत.