मदत हवी आहे: बाळंतपणासाठी ओळखीच्या डॉक्टरांचं छोटं प्रसूतिगृह की मोठं खाजगी रुग्णालय?

नमस्कार. पहिलंच बाळंतपण आहे, पाचवा महिना संपत आलाय आणि नाव कुठे घालायचं हे ठरत नाहीये.

सुरुवातीपासून ज्यांना दाखवतेय त्या डॉक्टरांचं छोटं प्रसूतिगृह आहे. त्या घाई करत नाहीत, प्रत्येक शंकेला नीट उत्तर देतात, बाळंतपणाला स्वतः थांबतात. दुसरीकडे मोठं रुग्णालय. तिथे भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि रक्तपेढी, सगळं एकाच इमारतीत आणि चोवीस तास. पण कळा सुरू होतील तेव्हा ड्यूटीवर जे असतील तेच माझे डॉक्टर.

मी मनाने पहिल्याच ठिकाणी होते. मग अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये (बाळाच्या अवयवांची वाढ तपासणारी सोनोग्राफी) वार (प्लॅसेंटा) खाली, गर्भपिशवीच्या तोंडाजवळ दिसली. डॉक्टर म्हणाल्या, या महिन्यांत असं बऱ्याचदा दिसतं, पिशवी वाढते तशी बहुतेकींची वार वर सरकते, 32 आठवड्यांना पुन्हा बघू. नाही सरकली आणि तोंड झाकलेलंच राहिलं तर सिझर आणि रक्तस्रावाची भीती, म्हणजे मोठं रुग्णालयच. तिथे माझा प्रश्न नाही. सरकली तर काय, हा प्रश्न आहे. कारण बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव आधी काहीही धोका नसलेल्या बाईलाही होऊ शकतो आणि तेव्हा हातात फार वेळ नसतो.

म्हणून छोट्या ठिकाणी काय विचारू ते सांगा. मला सुचलंय ते असं: भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, तर रात्री पोचायला किती वेळ? तातडीच्या सिझरला निर्णयापासून बाळ बाहेर येईपर्यंत 30 मिनिटं हा मापदंड धरतात, तो तिथे पाळता येईल का? रक्त कुठून येतं? बाळ रडलं नाही तर त्याला श्वास द्यायला शिकलेलं माणूस खोलीत हजर असतं का? आणि मला सगळ्यात जास्त सतावणारी गोष्ट: बाळाला एनआयसीयूत हलवावं लागलं तर ते एकीकडे आणि मी दुसरीकडे, असं होणार ना? ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी ते दिवस कसे काढले?

सिझरच्या टक्केवारीबद्दलही गोंधळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा 10 ते 15 टक्के हा आकडा सगळे सांगतात, पण तो संपूर्ण लोकसंख्येसाठी आहे, एकेका रुग्णालयाला लावायचा नाही. मोठ्या ठिकाणी गुंतागुंतीच्या केसेस जातात, तिथे तो जास्त असणारच. त्यापेक्षा पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, दिवस पूर्ण भरलेले, कळा आपोआप आलेल्या, अशांपैकी कितींचं सिझर होतं हे विचारणं मला योग्य वाटतं. कुणी असं विचारलंय का? सरळ उत्तर मिळतं का?

कळांच्या वेळी नवरा किंवा आई सोबत हवी, हा माझा आग्रह आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींतही मनाजोगती सोबत असावी असं म्हटलंय. छोट्या ठिकाणी लगेच हो म्हणाले, मोठ्या ठिकाणी "तेव्हा बघू". हे लेखी मागता येतं का?

32 आठवड्यांच्या स्कॅनची वाट बघू की आत्ताच दोन्हीकडे नाव घालून ठेवू? आठव्या महिन्यात नवीन पेशंट घेतात का? शेवटच्या महिन्यांत डॉक्टर बदललेल्यांनी आधीच्या डॉक्टरांना कसं सांगितलं आणि कोणते रिपोर्ट सोबत नेले, तेही कृपया लिहा.