देवाचे मागणे की माणसाची गरज?

अंत्रुजवासी (प्रश्न):

आमच्या फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या महाजनांच्या (म्हणजे वंशपरंपरागत सभासदांच्या) सभेत नुकतीच झालेली चर्चा माझ्या मनातून जात नाही. जुना सभामंडप पाडून मोठा बांधावा, असा प्रस्ताव होता. एका ज्येष्ठ महाजनांनी सांगितले की हे देवाचेच मागणे आहे, त्यामुळे वर्गणीबद्दल कुरकुर करणे योग्य नव्हे. त्यावर एका तरुणाने उठून विचारले, की ज्याच्या सत्तेशिवाय झाडाचे पान हलत नाही असे आपण म्हणतो, त्याला सिमेंटचा मंडप कशाला हवा? गरज आहे ती लग्न-मुंजीसाठी जागा शोधणाऱ्या आपल्याला, तेव्हा तसे सरळ म्हणावे. यावरून एवढी वादावादी झाली की सभा तहकूब करावी लागली.

माझा प्रश्न मंडपापुरता नाही. पूजा, नैवेद्य, सोवळे, उपास, नवस, जत्रा हे सारे आपण कोणासाठी करतो? आजार, भीती, एकटेपणा आणि मृत्यू यांना तोंड देता यावे म्हणून माणसाने हे उभे केले असेल, तर देवाच्या नावाने आज्ञा करण्याचा अधिकार कोणाला उरतो? आणि ही खरोखरच देवाची मागणी असेल, तर ज्याला काही कमी नाही तो मागतो कशासाठी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दीपस्तंभ:

आपला प्रश्न आपल्याच परंपरेने फार पूर्वी विचारलेला आहे आणि त्याची उत्तरेही आपल्या अपेक्षेपेक्षा धीट आहेत. वेदाची आज्ञा हेच सर्वोच्च प्रमाण मानणारे मीमांसक घ्या. जैमिनीच्या सूत्रांवरील आपल्या भाष्यात शबरस्वामी स्पष्टपणे म्हणतात की देवतेला शरीर नाही, ती हवी (अग्नीत अर्पण केलेले द्रव्य) खात नाही आणि प्रसन्न होऊन फळही देत नाही. यज्ञ करायचा तो देवतेची भूक भागवण्यासाठी नव्हे, विधी सांगतो म्हणून. म्हणजे आज्ञा आहे, पण ती करणारा कोणी हात पसरून बसलेला नाही. याच मंडळींनी काम्य आणि नित्य कर्मे वेगळी केली. पाऊस हवा असेल त्याने कारीरी इष्टी करावी, पण अग्निहोत्र मात्र काही हवे असो वा नसो, जिवंत असेपर्यंत करावे. माणसाच्या गरजेसाठी केलेला धर्म आणि गरजेकडे न पाहता केलेला धर्म असे दोन्ही प्रकार त्यांनी मान्य केले होते.

गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत आणि त्यांत संकटात सापडलेला आर्त आहे, काही मिळवू पाहणारा अर्थार्थीही आहे. ज्ञानी भक्ताला वरचे स्थान असले तरी बाकीच्यांनाही भगवंत उदारच म्हणतात. तेव्हा गरजेपोटी देवळात येणाऱ्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

तरीही धर्म म्हणजे केवळ गरज, हे मला पटत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच गोव्याच्या इतिहासात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, साष्टी आणि बारदेश या भागांत देवळे पाडली, तेव्हा लोकांनी देव उचलले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. घरदार आणि जमिनी राखणे हीच गरज होती, असे धरले तर धर्मांतर करून जागेवर राहणे अधिक सोयीचे होते. ज्यांनी रातोरात नदी ओलांडली, त्यांनी आपल्या सोयीच्या विरुद्ध जाणारे काहीतरी ऐकले होते.

झुवारीकाठ:

दीपस्तंभ यांचे शेवटचे विधान मला अपुरे वाटते. जे मागे राहिले त्यांच्याविषयी 'सोयीचे' हा शब्द इतक्या सहज वापरू नये. घरात अंथरुणाला खिळलेली माणसे असतील, शेतावाचून पोट भरण्याचा दुसरा मार्ग नसेल, तेव्हा राहणेही सोपे नव्हते. आणि त्यांच्या मनातून जुने नाते पुसले गेले, असेही नाही. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रीस सायबीण (मेरी माता) या बहिणी आहेत असे आजही दोन्हीकडचे लोक मानतात, आणि सायबिणीच्या फेस्ताला तेल घेऊन हिंदू भाविक जातात.

शिवाय त्याच घटनेचा दुसराही अर्थ निघतो. कुठ्ठाळीची जागा पवित्र होती, पण त्या जागेसाठी सारे मेले असते तर पूजा करायला कोणी उरले नसते. लोकांनी देव हलवला, नव्या जागी स्थापना केली आणि देवाने ती मान्य केली असे मानले. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराचेही तेच झाले. तो नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथले देऊळ नव्याने बांधवून घेतले. देवाची मागणी माणसाच्या हालाखीशी जुळवून घेते, असाच याचा अर्थ मी लावते.

गरजेतून जन्मलेला धर्म उथळ असतो, हेही मला मान्य नाही. वास्कोचा दामोदर सप्ताह प्लेगच्या साथीतून सुरू झाला असे सांगतात. हवालदिल झालेले लोक जांबावलीच्या दामोदराकडे गेले, तिथून श्रीफळ घेऊन आले आणि भजनाला बसले. साथ कधीच सरली, पण श्रावणातले चोवीस तासांचे अखंड भजन आजही होते. ज्या गरजेने ते सुरू झाले ती उरली नाही, तरी लोक रात्रभर आळीपाळीने टाळ हातात घेतात.

आणखी एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे. माझ्या सासूबाई पहाटे उठून देवासाठी फुले काढत, चंदन उगाळत, तांब्याची भांडी चिंचेने घासत. पुढे बोटे वाकडी झाली, सहाण हातातून निसटू लागली आणि ते काम माझ्याकडे आले. त्या आजारपणात त्यांनी बरे करण्यासाठी देवाला साकडे घातलेले मी ऐकले नाही. त्यांचे दुःख एकच होते, 'आता देवाचे काही माझ्या हातून होत नाही.' शेवटी मी चंदन उगाळायचे आणि त्यांनी माझ्या मनगटावर नुसता हात ठेवायचा, अशी आमची रीत पडली. देवाला त्या चंदनाची गरज होती का, हे मी सांगू शकत नाही. पण आपल्याकडून कोणीतरी काही मागावे, आपण कोणाच्या तरी कामी यावे, ही माणसाची भुकेइतकीच खरी गरज आहे आणि वृद्धापकाळी ती पुरवणारे दुसरे कोणी फारसे उरत नाही. म्हणून आपल्या प्रश्नातल्या दोन बाजू मला एकमेकींपासून तोडता येत नाहीत.

अंत्रुजवासी:

आपल्या सासूबाईंविषयी वाचून मी बराच वेळ पुढे काही वाचले नाही. पण माझी अडचण कायम आहे. त्यांच्याकडून देव जे मागत होता ते त्यांना स्वतःला ऐकू येत होते. आमच्या सभेत देवाचे मागणे दुसऱ्याने सांगितले आणि बाकीच्यांनी ते मुकाट्याने मान्य करावे अशी अपेक्षा होती. खरे मागणे कोणते आणि देवाच्या नावावर खपवलेली इच्छा कोणती, हे ओळखायचे कसे? कौल लावून देवालाच विचारावे असेही काहींचे म्हणणे आहे.

सांखवाळचा वाचक:

कौलाविषयी मला आदर आहे. मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावलेल्या असतात, गाऱ्हाणे घातले जाते, आणि उजवी पाकळी पडेपर्यंत देवळात कोणी खोकतही नाही. भांडणारे दोन भाऊ त्या पाकळीचा निर्णय मानतात, हे मी पाहिले आहे. पण पाकळी केवळ विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देते आणि प्रश्न माणूस ठरवतो. 'मंडप बांधावा का' असे विचारले आणि 'त्याच पैशांतून गावातील आजाऱ्यांची सोय करावी का' असे विचारलेच नाही, तर दुसऱ्या प्रश्नाला देवाचा नकार होता असे म्हणता येत नाही.

माझी कसोटी अशी आहे की मागणीचा भार कोणावर पडतो ते आधी पाहावे. भार सांगणाऱ्याच्याच खांद्यावर पडत असेल, तर मी त्याचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकेन. पण देवाला हे चालत नाही असे सांगून ज्या जातींना शतकानुशतके देवळाच्या पायरीशी थांबवले, ज्या बायकांना महिन्यातले चार दिवस बाजूला बसवले, त्यांच्यावर लादलेली मागणी देवाची होती यावर माझा मुळीच विश्वास नाही. ती सांगणाऱ्यांची गरज होती, आणि तिच्यासाठी देवाचे नाव वापरले गेले याचा मला अजूनही संताप येतो. शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नव्हे, असे येशूने ज्यांना सुनावले तेही देवाच्या आज्ञेचे रक्षकच होते. कुराणातही म्हटले आहे की कुर्बानीचे मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचते ती तुमची भक्ती.

आमच्या सांखवाळात १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी ज्या बुद्धाच्या शोधात घर सोडून गेले, त्याच्या धर्मात मागणारा देवच नाही. तरीही शील पाळण्याचे बंधन तिथे काही कमी कडक नाही. देव काढून घेतला की मागणी संपते, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दीपस्तंभ:

आपली कसोटी मला आवडली, पण ती पुरेशी नाही. शिरगावचा धोंड, म्हणजे लईराईचा व्रतस्थ भक्त, व्रताचे दिवस नेमाने पाळतो आणि वेताची काठी घेऊन होमखणातून, धगधगत्या निखाऱ्यांवरून, चालत जातो. भार सर्वस्वी त्याच्यावर आहे आणि त्याच्या निष्ठेपुढे मी नम्र होतो. पण शरीराला दंभापोटी छळणाऱ्या तपाची गीतेच्या सतराव्या अध्यायात कठोर निंदा केली आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ही दोन माणसे सारखीच दिसतात. स्वतःवर भार घेणाराही स्वतःच्या मोठेपणासाठी तो घेत असू शकतो. त्यामुळे आपल्या कसोटीने दुसऱ्यावर लादलेली खोटी मागणी पकडता येईल, स्वतःवर लादलेली पकडता येणार नाही. तिथे निवाडा ज्याचा त्यानेच करायचा आहे, सभेने नव्हे. अंत्रुजवासी यांच्या सभेपुढे मात्र पहिलाच प्रकार आहे, तेव्हा वर्गणीचा आकडा आणि मंडपाचे भाडे कोणाला मिळणार, हे दोन्ही प्रस्तावात लिहून मागावे आणि मगच कौलाचे बोलावे.