मदत हवी आहे: पीपीटी माझ्या लॅपटॉपवर नीट चालते, दुसऱ्या संगणकावर हँग होते

परिचारिकांच्या प्रशिक्षणात नवजात बाळाच्या काळजीवर मी एक सत्र घेते. त्याची पीपीटी ६२ स्लाइडची, ३८० एमबीची आहे. माझ्या लॅपटॉपवर (विंडोज ११, ऑफिस ३६५) ती पाच-सहा सेकंदांत उघडते. सभागृहातल्या संगणकावर (विंडोज १०, ऑफिस २०१६) मात्र फाइलवर क्लिक केलं की पॉवरपॉइंटची खिडकी पांढुरकी होते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं आणि सगळं थांबतं. मागच्या वेळी चार मिनिटांनी एकदाची उघडली. पुढे चौदाव्या स्लाइडवर, जिथे कांगारू मदर केअरचा (बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याच्या पद्धतीचा) व्हिडिओ आहे, तिथे पुन्हा अडकली. समोर चाळीस जणी वह्या उघडून बसल्या होत्या. शेवटी फळ्यावर शिकवलं, पण बाळाचा श्वास कसा मोजायचा हे फळ्यावर दाखवता येत नाही. त्यामुळे 'पीडीएफ करून न्या' हा उपाय मला चालणार नाही.

करून पाहिलेल्या गोष्टी: पेन ड्राइव्हवरून थेट न उघडता डेस्कटॉपवर कॉपी करून उघडली, तेच झालं. कोऱ्या फाइलमध्ये सगळ्या स्लाइड पेस्ट केल्या, तरी तेच. त्या संगणकावर इतरांच्या पीपीटी व्यवस्थित उघडतात. पुढचं सत्र बारा दिवसांवर आहे. नेमकं कुठे शोधू?

प्रतिसाद:
ताई, तुमच्याकडे दोन वेगळे आजार दिसतात, त्यांची गल्लत करू नका. उघडतानाच हँग होणं आणि ठरावीक स्लाइडवर हँग होणं यांची कारणं सहसा निराळी असतात.

दुसरं सोपं, म्हणून आधी ते. व्हिडिओ फोनवर काढलाय का? हल्लीचे बरेच फोन एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ या व्हिडिओ-प्रकारात रेकॉर्ड करतात. तो उलगडणारा कोडेक विंडोज १० वर असेलच असं नाही. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये व्हिडिओ लावून टूल्स मेनूतलं कोडेक इन्फर्मेशन बघा. एचईव्हीसी निघाला तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून एच.२६४ आणि एएसी आवाज असलेला एमपी४ करून घ्या, स्लाइडवरचा जुना काढून नवा घाला.

पहिल्यासाठी एक प्रयोग. सभागृहातल्या संगणकाचं नेटवर्क पूर्ण बंद करा, वायर काढा, वायफाय घालवा, आणि मग फाइल उघडा. किती वेळ लागतो ते इथे लिहा.

प्रतिसाद:
त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी तपासा. पॉवरपॉइंट फाइल उघडताना डिफॉल्ट प्रिंटरची चौकशी करतो. तो प्रिंटर नेटवर्कवरचा असून बंद असला तर पॉवरपॉइंट वाट बघत बसतो. तात्पुरता 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डिफॉल्ट करा. आणि कंट्रोल कळ दाबून ठेवून पॉवरपॉइंट सुरू करा, तो सेफ मोडमध्ये येऊ का विचारेल. तिथेही हँग झाला तर अ‍ॅड-इनवरचा, म्हणजे पॉवरपॉइंटला जोडलेल्या जादा प्रोग्रॅमवरचा, संशय सोडा.

धागाकर्ती:
आज जाऊन पाहिलं. प्रिंटर बदलून फरक नाही, सेफ मोडमध्येही तेच. पण नेटवर्क काढल्यावर फाइल वीस सेकंदांत उघडली! वायर परत लावली की पुन्हा चार मिनिटं. याचा अर्थ काय? आणि हो, व्हिडिओ एचईव्हीसीच आहे.

प्रतिसाद (पहिल्या प्रतिसादातला):
अर्थ असा की तुमची फाइल काहीतरी शोधायला बाहेर जाते. नेटवर्क असलं की तिला आशा असते, म्हणून ती वाट बघते. नेटवर्कच नसलं की लगेच नाद सोडते. आता ती कुणाला शोधते ते पाहू.

फाइलची एक प्रत काढा. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा आणि प्रतीच्या नावातलं पीपीटीएक्स खोडून झिप लिहा. २००७ पासूनची पीपीटीएक्स ही मुळात झिपच असते, आत एक्सएमएल फाइली आणि चित्रं. ती उलगडली की 'पीपीटी' फोल्डर दिसेल. त्यातल्या 'स्लाइड्स' आणि 'चार्ट्स' या दोन्हींच्या आत '_रेल्स' नावाचा फोल्डर असतो. तिथल्या फाइली नोटपॅडमध्ये उघडून 'एक्स्टर्नल' हा शब्द शोधा. वेबसाइटच्या साध्या हायपरलिंकपुढेही तो दिसेल, त्या निरुपद्रवी. दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा किंवा एखाद्या ड्राइव्हचा पत्ता दिसला तर मात्र चोर सापडला.

तेवढ्यात 'स्लाइडलेआउट्स'मध्ये, म्हणजे स्लाइडच्या मांडणीच्या साच्यांच्या फोल्डरमध्ये, किती फाइली आहेत तेही मोजा. नव्या साध्या फाइलमध्ये ११ असतात.

धागाकर्ती:
सापडला! मृत्युदराचे आणि वजनवाढीचे नऊ तक्ते सहकारी डॉक्टरांनी एक्सेलमधून लिंक करून पेस्ट केले होते. ती एक्सेल फाइल आमच्या विभागाच्या शेअर्ड ड्राइव्हवर आहे आणि माझा लॅपटॉप कायम त्याला जोडलेला असतो, म्हणून मला कधीच कळलं नाही. कोऱ्या फाइलमध्ये पेस्ट केल्यावर लिंकही सोबत गेल्या, म्हणून तो उपाय फसला.

लेआउट २१४ निघाले. सात जणांच्या पीपीटींमधून 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' करून स्लाइड घेतल्या होत्या, प्रत्येकीबरोबर तिचा मास्टर (मूळ साचा) आणि त्याचे लेआउट आले.

फाइल मेनूत इन्फोमध्ये 'एडिट लिंक्स टू फाइल्स' होतं, तिथून सगळ्या लिंक ब्रेक केल्या. स्लाइड मास्टरमध्ये जाऊन न वापरलेले लेआउट काढले. व्हिडिओ बदलला. फाइल ९० एमबीवर आली आणि सभागृहातल्या संगणकावर, नेटवर्क चालू ठेवून, आठ सेकंदांत उघडली. चौदावी स्लाइडही विनाअडथळा चालली. तुम्हा दोघांचे मनापासून आभार, फार मोठी काळजी मिटली.

एकच शंका: तक्त्यातले आकडे दर तिमाहीला बदलतात. आता लिंक तोडल्यावर ते हाताने भरायचे का?

प्रतिसाद:
नाही. लिंकसकटची मूळ फाइल विभागातच ठेवा आणि तिमाहीला तीच अपडेट करा. सत्राला जायच्या आधी तिची 'सेव्ह अ‍ॅज' करून प्रत काढा, लिंक फक्त त्या प्रतीत तोडा. नावात तारीख आणि 'सत्रासाठी' लिहा, म्हणजे चुकून मूळ फाइलवर सेव्ह होणार नाही. आणि निघायच्या आधी आपल्या लॅपटॉपचं नेटवर्क बंद करून ती प्रत एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघा.