नर्सिंगच्या वर्गात ‘आध्यात्मिक काळजी’ शिकवावी का?

ट्यूटर_सोलापूर: माझ्या विद्यार्थिनीच्या पोस्टिंगमधली गोष्ट. पासष्टीच्या वारकरी आजी, खुब्याचं ऑपरेशन. ओटीला न्यायच्या घाईत कुणीतरी गळ्यातली तुळशीची माळ कात्रीने कापून किडनी ट्रेमध्ये टाकली. नंतर दोन दिवस आजींनी ताटाला हात लावला नाही. केस शीटवर नोंद झाली ‘भूक मंद’, मळमळीचं इंजेक्शन सुरू. माझ्या विद्यार्थिनीने उशाशी बसून विचारलं, तेव्हा आजी म्हणाल्या, “माळेशिवाय घास कसा घेऊ गं?” नवी माळ आली आणि आजी जेवल्या. नर्सिंग डायग्नोसिसच्या (नर्सने ओळखायच्या त्रासांच्या) यादीत ‘स्पिरिच्युअल डिस्ट्रेस’, म्हणजे श्रद्धेला धक्का बसल्याचा त्रास, आहे, मुली परीक्षेत ते पाठ लिहितात. पण वॉर्डात समोर आलं तर ओळखू येत नाही. हे शिकवायलाच हवं.

नाइट_ड्यूटी: मॅडम, आजींचं वाचून गलबलून आलं. तरी माझा विरोध आहे. काल रात्री आम्ही दोघी आणि ४२ पेशंट. नर्सिंग कौन्सिलचा निकष शिक्षण रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ नर्स असा आहे. कुणाच्या उशाशी बसू? आणि ‘सेवा’, ‘पुण्य’ म्हणत आमच्याकडून जादा ड्यूट्या करून घेतात, पगार वाढवायचं नाव नाही. त्यात आता अध्यात्माचे मार्क नकोत.

एक_मुलगा: माझे वडील आयुष्यभर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते. शेवटच्या आजारपणात सिस्टरने प्रेमाने उशाशी देवाचा फोटो ठेवला. बोलता येत नव्हतं, त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. ती मान मी विसरू शकत नाही. इंग्लंडमध्ये २००८ साली एका नर्सने पेशंटसाठी प्रार्थना करू का, एवढं विचारलं म्हणून तिला निलंबित केलं होतं. नंतर कामावर घेतलं, पण धोका खरा आहे.

ट्यूटर_सोलापूर: दादा, फोटो न विचारता ठेवला गेला, मीही तेच म्हणतेय. सिसिली सॉंडर्स मुळात नर्स होत्या. १९६७ साली त्यांनी लंडनला हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांसाठीचं सेवाघर, काढलं. ‘टोटल पेन’ (संपूर्ण वेदना) या कल्पनेत त्यांनी शरीर, मन, घरदार आणि श्रद्धा सगळ्यांचं दुखणं धरलं. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन हे असंच हॉस्पिस १९८६ पासून चालतं. मुलींना मी एकच प्रश्न शिकवते: “अशा वेळी तुम्हाला आधार कशाचा वाटतो?” तुमच्या वडिलांचं उत्तर ‘देव नको’ असतं, तर तीही केअर प्लॅनमधली नोंदच.

नाइट_ड्यूटी: विषय वाढवायला माझा विरोध कायम, आधी माणसं भरा. पण आमच्या प्री-ऑप (ऑपरेशनआधीच्या) चेकलिस्टवर ‘दागिने काढले’ असा रकाना आहे. त्याखाली आज पेनने लिहिलंय: ‘माळ, ताईत, गंडा काढण्याआधी पेशंटला विचारलं का?’