दोन लाखांच्या आतला क्रोनोग्राफ: जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

प्रश्न (जळगाव): दोन लाख रुपयांच्या आतला स्विस स्वयंचलित क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेले मनगटी घड्याळ, घेण्याचा विचार आहे. त्यात वाल्जू ७७५० हे यंत्र आहे. परंतु तेच यंत्र कमी किमतीच्या घड्याळांतही मिळत असल्याने जास्तीचे पैसे कशाचे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (धुळे): भाऊ, १९७० च्या दशकापासून चालत आलेले हे यंत्र तासाला २८,८०० ठोके देते आणि त्याची दुरुस्ती अनेक कारागिरांना येते, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र ते ७.९ मिलिमीटर जाड असल्याने घड्याळही जाड होते, आणि ही जाडी केसची (घड्याळाच्या बाहेरच्या कवचाची) कड, पट्ट्याचे कान व काच यांच्या रेषांत किती कौशल्याने सामावली आहे, यावरच डिझाइनची खरी पारख होते. जास्तीचे पैसे तिथे आणि काट्यांच्या सफाईत दिसले पाहिजेत. तारखेच्या खिडकीसाठी मुख्य तबकडीवरची एखादी छोटी तबकडी कापलेली असेल, तर मी ते घड्याळ घेणार नाही.

उत्तर (भुसावळ): स्टॉपवॉच चालू-बंद करण्यासाठी ७७५० मध्ये कॅम (उंचसखल कडेची चकती) असतो, तर काही यंत्रांत त्याच कामासाठी कॉलम व्हील (छोट्या खांबांचे चाक) असते; कॉलम व्हीलच्या यंत्राचे बटण सहसा अधिक हलके दाबले जाते, म्हणून दोन्ही प्रकारची घड्याळे हाताळून पाहावीत. आपल्याकडच्या मे महिन्याच्या घामात चामडी पट्टा लवकर खराब होतो, तेव्हा स्टीलच्या पट्ट्यासह किंमत धरावी. सर्व्हिसिंगचा खर्चही आधीच विचारावा. तो साध्या घड्याळापेक्षा बराच अधिक असतो.