नॉमिनी लावला म्हणजे फ्लॅट त्याचाच?

दुसरं_वर्ष_एलएलबी: 'नॉमिनी लावा, मृत्युपत्राची भानगड नको, वकिलाचे पैसे वाचतील.' काल कुणीतरी हे इथे टाकलं आणि लोकांनी बदामांचा पाऊस पाडला. माझी तर झोपच उडाली. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा सरबती देवी निकाल १९८३ चा आहे! शेअर्सबाबत कोकाटे प्रकरणात मुंबई उच्च न्यायालय २०१० साली उलटं, म्हणजे नॉमिनीच मालक, असं बोललं होतं, तेही शक्ती येझदानी निकालाने मोडीत निघालं, सर्वोच्च न्यायालय, १४ डिसेंबर २०२३. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात. पैसे वाचवायचे म्हणता ते नेमके कुठले?

सेक्रेटरीकाका: सोळा वर्षं सोसायटी चालवतोय. आम्ही फ्लॅटचा शेअर दाखला नॉमिनीच्याच नावे करतो. सर्वोच्च न्यायालयाचा इंद्राणी वाही निकाल, २०१६, वाचा आधी, मग आम्हाला शिकवा.

दुसरं_वर्ष_एलएलबी: वाचलंय काका, शेवटच्या पानापर्यंत. दाखला नॉमिनीच्या नावे करा, वारसांनी हक्कासाठी वेगळं भांडावं, असंच आहे त्यात. आणि महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तुमचा नॉमिनी वारस सभासद होईपर्यंत तात्पुरता सभासद. कलम १५४ब-१३.

विमावाला: ताई, २०१५ ची विमा दुरुस्ती बरी गाळलीत! आईवडील, नवराबायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते लाभार्थीच.

दुसरं_वर्ष_एलएलबी: बरं, विम्यापुरतं मान्य. खूश?

माहेरवाशीण: मृत्युपत्र नसलं की काय होतं ते मी सांगते. बाबांच्या तेराव्याची भांडी विसळायची होती तेवढ्यात दादाने हक्कसोडीचा कागद पुढे केला. वहिनी शेजारीच बसलेली. म्हणाली, 'दिवाळीला येणार ना?' मी सही केली. मग रजिस्ट्रारकडे मशीनवर अंगठा तीनदा उमटेना, तर दादाने स्वतःच्या रुमालाने पुसून दिला.

कोरेगावकर: कुणी जबरदस्ती केली होती का? लग्नातला खर्च नाही मोजत कुणी.

माहेरवाशीण: मोजा ना! दादाच्या इंजिनीअरिंगची फीही मोजा.

कोरेगावकर: शेती कसायला येता का पण?

माहेरवाशीण: दादा कुठे कसतो? वाट्याने दिलीय.

दुसरं_वर्ष_एलएलबी: अहो, धागा नॉमिनीचा आहे...

म्हापशेकर: आमच्या गोव्यात मुलं असली तर निम्मी मिळकत मृत्युपत्रानेही दुसऱ्याला देता येत नाही. मुलगा-मुलगी सारखेच.

कोरेगावकर: मग तिथे हक्कसोड होतच नाही वाटतं?

म्हापशेकर: होते की. माझ्याच आत्याने केली.

सेक्रेटरीकाका: तुमचं चालू द्या. आमच्या ३०४ वाल्या आजी गेल्या. नॉमिनी पुतण्या, लेक कॅनडात. पुतण्या रोज दाखला मागतोय. 'तात्पुरता सभासद' असा ठराव इतिवृत्तात कसा लिहायचा ते सांगा, वकीलबाई. फी मिळणार नाही.